बे नंबर चारचा चक्रव्यूह

ओहायोतल्या आमच्या मराठी मंडळात माझी ओळख 'तो बंदूकवाला' अशी करून देतात. ऐकणारा आधी एक पाऊल मागे सरकतो, मग माझ्या एकंदर प्रकृतीकडे बघून पुन्हा पुढे येतो. उंची पाच फूट पाच इंच, डोळ्यांवर चष्मा आणि दिवसभर डेटाबेस सांभाळायची नोकरी. या ऐवजाला घाबरायचं काही कारण नाही, हे कुणाच्याही चटकन लक्षात येतं. तरीही सुट्टीच्या दिवशी मी कमरेला पिस्तूल लावून मातीच्या बांधांमधून धावतो, हे खरं आहे. ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत इथल्या बंदुकीच्या कायद्याच्या वाटेला जायचं नाही, एवढं शहाणपण माझ्याकडे होतं. कार्ड आलं आणि शहाणपण गेलं.

आईला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नीलसारखं का रे?" 2024 च्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्यपदक मिळवलं होतं, आणि आईच्या लेखी नेमबाजी म्हणजे तेवढीच. मी बेलाशक "हो" म्हणालो. स्वप्नील गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभं राहून, श्वास आवरून, 50 मीटरवरच्या 10.4 मिलिमीटरच्या वर्तुळात गोळी घालतो. तिथे जो हलला तो संपला. आमच्यात जो थांबला तो संपला.

आमच्या खेळाला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. 1976 च्या मे महिन्यात मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी काही मंडळी जमली, त्यांनी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. ब्रीद तीन लॅटिन शब्दांचं: अचूकता, ताकद, वेग. 1984 मध्ये तिची अमेरिकी शाखा उभी राहिली, आणि आमचा क्लब तिचेच नियम पाळतो. खेळ सांगायला सोपा आहे. माणसाच्या धडाएवढं पुठ्ठ्याचं टार्गेट, त्यावर ए, सी आणि डी असे तीन झोन. माझ्या नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाला ए लागला तर 5 गुण, सी लागला तर 3, डी लागला तर 1. प्रत्येक पुठ्ठ्यावर दोन गोळ्या. चुकली तर वजा 10. पांढऱ्या पुठ्ठ्याला, म्हणजे ज्याला मारायचं नाही त्याला लागली, तरी वजा 10. शेवटी मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. येईल तो हिट फॅक्टर, आणि तोच तुमची लायकी. 140 गुण 20 सेकंदांत मिळवणाऱ्याचा फॅक्टर 7. सावकाश, नीट नेम धरून 31 सेकंदांत 155 मिळवणाऱ्याचा 5. म्हणजे शाळेत 'सावकाश पण सुवाच्य लिहा' म्हणून पाठीत धपाटे खाल्लेल्या माझ्यासारख्याचं इथे काही खरं नाही.

ही टार्गेटं जिथे मांडतात ती स्टेज. भिंती, पिंपं, खिडक्या, पडणाऱ्या लोखंडी पट्ट्या असा सगळा संसार एखाद्याने आधी कागदावर मांडायचा, मग मैदानात उभा करायचा आणि बाकीच्यांनी तो सोडवायचा. दर महिन्याला नवा. एका सामन्यात मी हरलो आणि हरल्यावर माणसाला जे सुचतं तेच मला सुचलं: "स्टेजच फालतू होती. यात अवघड काय होतं?" आमच्या क्लबात एक अलिखित नियम आहे. ज्याने कुरकुर केली, त्याच्याच गळ्यात घंटा. क्लबचे सर्वेसर्वा निवृत्त मशिनिस्ट आहेत. वय पंचाहत्तरीच्या पुढे, बोलणं मोजकं. मी मनातल्या मनात त्यांना आजोबा म्हणतो. त्यांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात बे नंबर चार तुझा." बे म्हणजे मातीच्या बांधांमधला मैदानाचा एक कप्पा.

त्या रात्रीपासून माझी झोप उडाली. घरातले झोपले की मी स्केचअपवर त्रिमितीत भिंती उभ्या करायचो. नियमपुस्तक उशाशी. मोठ्या स्टेजवर जास्तीत जास्त 32 गोळ्या. एका जागेवरून किंवा एका नजरेच्या टप्प्यातून आठाहून जास्त झाडाव्या लागतील अशी रचना करायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम म्हणजे फ्रीस्टाइल: टार्गेट दिसेल तेव्हा आणि दिसेल तिथून नेमबाजाने ते आपल्या मर्जीने मारावं. हे कलम मी वाचलं आणि सोडून दिलं. माझ्या स्टेजवर लोकांनी माझ्या मर्जीने वागावं, अशी माझी साधी अपेक्षा होती.

स्टेजला नाव दिलं 'चक्रव्यूह'. 14 पुठ्ठे, 4 लोखंडी, एकूण 32 गोळ्या, म्हणजे 160 गुण. नेमबाजाने उजवीकडून शिरायचं, डावीकडे वळत वळत मध्यात पोचायचं, तिथलं उरकायचं आणि तसंच वळत वळत बाहेर यायचं. तेरा नंबरचं टार्गेट तर मी डाव्या भिंतीच्या मागे अशा कोपऱ्यात ठेवलं होतं, की ते एका विशिष्ट पावलावर, एका विशिष्ट कोनातूनच दिसावं. रात्री दीड वाजता ते तिथे चपखल बसलं तेव्हा मी स्वतःशीच हसलो. बायकोने दुसऱ्या खोलीतून विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "कुणालाच सापडणार नाही." ती म्हणाली, "बरं, झोप आता."

आजोबांनी आराखडा बघितला, चष्मा कपाळावर चढवला आणि लाल पेन काढलं. पहिली फुली प्रवेशावर. आमच्यात नळी कायम समोरच्या बांधाकडे, दोन्ही बाजूंना 90 अंशांच्या आत हवी. त्यापलीकडे वळली की नेमबाज त्या दिवसापुरता घरी. उजव्या हाताचा माणूस उजवीकडून डावीकडे पळताना मॅगझिन बदलू लागला, की त्याच्या नळीला मागे वळायची हुक्की येते. मी नेमकं तिथेच मॅगझिन बदलायला लावलं होतं. "हा अवघडपणा नव्हे," आजोबा म्हणाले, "हा सापळा आहे. अवघड स्टेजवर गुण जातात. सापळ्यात माणूस जातो." दुसरी फुली लोखंडी टार्गेटांवर. लोखंडावरून शिशाचे तुकडे उलट येतात, म्हणून नेमबाज 23 फुटांच्या आत जाता कामा नये. माझं लोखंड 15 फुटांवर होतं. तिसरी फुली एका उंच टार्गेटावर. त्याच्यातून आरपार गेलेली गोळी बांधात न शिरता बांधावरून पलीकडच्या मक्याच्या शेतात गेली असती.

चौथी फुली बाहेर पडायच्या वाटेवर. भरलेलं पिस्तूल घेऊन कुणीही मागे पळत येणार नाही, असं म्हणत त्यांनी ती अख्खी वाटच पुसून टाकली. "आत जाऊ दे. आत गेला की संपलं." मी त्यांना अभिमन्यूची गोष्ट सांगितली. बाहेर पडता न येणं हाच आमच्याकडे मूळ आराखडा आहे, म्हटलं. त्यांना ती आवडली. "मग तर आणखी सोपं झालं," म्हणाले, "एक भिंत वाचली."

सगळं गेलं तरी माझा हुकमाचा पत्ता शाबूत होता: फिरतं टार्गेट. लोखंडी पॉपर पडला की तारेने खीळ ओढली जाणार, वजन खाली येणार, पुठ्ठा खाली पडता पडता गिरकी घेणार, जेमतेम एक सेकंद तोंड दाखवणार आणि पुन्हा आडवा होऊन गडप. ते मी घरच्या गॅरेजमध्ये स्वतः बनवलं. सायकलच्या ब्रेकची तार, गॅरेजच्या दाराची जुनी कप्पी, आणि वजन म्हणून दुधाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरलेली वाळू. खीळ फार घट्ट बसवली तर सुटायची नाही, सैल बसवली तर शेजाऱ्याने गाडीचं दार आपटलं तरी सुटायची. कानस घेऊन मी ती इतकी घासली की अखेर अंगठ्याच्या एका दाबाने 'टक्' असा आवाज करून सुटू लागली. त्या 'टक्'वर मी बेहद्द खूश होतो. मुलांना बोलावून दाखवलं. मुलांनी एकदा बघितलं आणि निघून गेली.

शनिवारी मांडामांड. ओहायोची माती चिकण असते. कोरडी असली की खुंटी आत जात नाही, ओली असली की बाहेर येत नाही. त्या दिवशी पहाटे पाऊस पडून गेला होता. लाकडी पट्ट्या ठोका, पुठ्ठे स्टेपल गनने मारा, जाळीच्या भिंती उभ्या करा, त्या वाऱ्याने पडल्या की पुन्हा उभ्या करा, जमिनीवर फॉल्ट लाइनच्या, म्हणजे नेमबाजाने ज्यांच्या आत राहायचं त्या, पट्ट्या खिळ्यांनी ठोका. स्केचअपमध्ये जमीन सपाट असते. बे नंबर चारची जमीन डावीकडे उतरती होती. त्यामुळे संगणकावर जे टार्गेट भिंतीमागे दडलं होतं ते इथे मान वर करून उभं होतं. उपाय म्हणून मी प्लास्टिकची निळी पिंपं एकावर एक रचली. 55 गॅलनची दोन पिंपं रचली की उंची जवळपास पावणेसहा फूट होते. पलीकडे उभं राहून बघितलं. काही दिसत नव्हतं. टाचा उंच करून बघितलं. तरी दिसत नव्हतं. समाधान झालं.

इथे माझी उंची पुन्हा एकदा लक्षात घ्यावी, ही विनंती.

रविवारी सकाळी लेखी सूचना वाचून दाखवण्याचा मान माझा. मग पाहणीची पाच मिनिटं. या पाच मिनिटांत एरवी चारचौघांसारखे दिसणारे लोक, त्यात ट्रक ड्रायव्हर आले, दंतवैद्य आले, बोटांचं पिस्तूल करून, ओठांत आकडे पुटपुटत स्टेजभर फिरतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, औदुंबराला प्रदक्षिणा चालल्यात. मी बाजूला हाताची घडी घालून उभा होतो. चक्रव्यूहात शिरताना त्यांची तारांबळ कशी उडते, ते मला डोळे भरून बघायचं होतं.

पहिला उतरला तो सहा फूट चार इंचांचा. तो माझ्या पिंपांपाशी आला, थांबला, आणि परसातल्या कुंपणावरून शेजाऱ्याशी गप्पा माराव्यात तसा वरून पलीकडे बघू लागला. मग त्याने बोटांनी मोजलं: एक, दोन, तीन. ज्या तीन टार्गेटांसाठी मी लोकांना आतल्या कोपऱ्यापर्यंत धावायला लावणार होतो, ती त्याने पिंपांवरून उभ्या उभ्या मारली. दुसरा उंचीला बेताचा होता. त्याने फॉल्ट लाइनच्या आत एक पाय रोवला, दुसरा हवेत धरला, शरीर धनुष्यासारखं बाहेर झुकवलं आणि भिंत व पिंप यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीतून तीच टार्गेटं टिपली. नियम एवढंच सांगतो, की रेषेबाहेर जमिनीला स्पर्श नको. हवेबद्दल नियम गप्प आहे.

मी आजोबांकडे धावलो. "पिंपं तीन-तीन रचू का?" त्यांनी घड्याळाकडे बघितलं. एकाने स्टेज मारल्यावर ती बदलायची, तर ज्यांनी मारली त्यांना पुन्हा मारायला लावावं लागतं. "मग लेखी सूचनेत घालू, पिंपांवरून मारायचं नाही म्हणून?" ते म्हणाले, "हे फ्रीस्टाइल आहे. त्यांनी फसवलं नाही. तू दिलंस, त्यांनी घेतलं." इतक्यात बारा वर्षांची एक ज्युनिअर मुलगी माझ्या भिंतीतल्या खिडकीपाशी पोचली. खिडकी मी माझ्या डोळ्यांच्या उंचीवर कापली होती. ती बिचारी चवड्यांवर उभी राहून, मान ताणून गोळ्या झाडत होती. अख्ख्या चक्रव्यूहात खराखुरा अडकलेला प्राणी तेवढा एकच, आणि तिचे आईवडील माझ्याकडे बघत होते.

म्हटलं, जाऊ दे. आपलं फिरतं टार्गेट आहे ना!

चांगला नेमबाज आला. पॉपर पाडला. 'टक्'. खीळ सुटली, वाळूचा डबा खाली आला, पुठ्ठ्याने झोकात गिरकी घेतली. नेमबाज तोवर पुढच्या खिडकीपाशी पोचला होता. त्याने मागे वळूनही बघितलं नाही. पुढच्यानेही नाही. त्याच्या पुढच्यानेही नाही. मला वाटलं, विसरताहेत. एकाला विचारलं तर त्याने मला प्रेमाने गणित घातलं. थांबलेलं असताना जे टार्गेट दिसत नाही, त्यावरची गोळी चुकली किंवा झाडलीच नाही तरी दंड नाही. म्हणजे त्याचे 10 गुण हा निव्वळ बोनस. त्याने 22 सेकंदांत 143 गुण घेतले, फॅक्टर 6.5. या हिशोबात 10 गुणांची किंमत दीड सेकंद. माझं टार्गेट पडायची वाट बघून ते मारायचं तर अडीच सेकंद जातात. मग 153 गुण आणि साडेचोवीस सेकंद, फॅक्टर 6.2 च्या आसपास. "सुंदर बनवलंयस," तो म्हणाला, "पण परवडत नाही."

मी संगणकावर आकडेमोड करून पोट भरतो. गॅरेजमध्ये कानस घासताना हा भागाकार एकदाही सुचला नाही. तारेचं ते यंत्र दर नेमबाजामागे पुन्हा लावावं लागत होतं. म्हणजे ज्याला कुणी मारत नव्हतं त्याची खीळ लावायला मी चिखलात गुडघे टेकत होतो, आणि माझ्यापायी मागे दोन स्क्वाड, म्हणजे नेमबाजांच्या तुकड्या, ताटकळत उभे होते.

मग माझा नंबर आला. "आर यू रेडी? स्टँड बाय." टायमर वाजला आणि मी सुटलो. चक्रव्यूहाचा खडान्‌खडा मला पाठ होता. पहिली सहा झकास गेली. पॉपर पाडला, 'टक्' ऐकू आलं, आणि माझे पाय थबकले. जगात सगळे ज्याला सोडून पुढे गेले, त्याला जन्मदात्यानेही सोडून जायचं? मी थांबलो. तो पडला, त्याने गिरकी घेतली, मी ती कौतुकाने बघितली आणि दोन गोळ्या झाडल्या. दोन्ही बांधात. पुढे पळालो, उरलेली उरकली आणि पिस्तूल खाली घेतलं. रेंज ऑफिसर माझ्या खांद्यामागे होता. त्याला सूचना करायची मुभा नसते, ठरलेली वाक्यंच म्हणायची असतात. त्यातलं शेवटी म्हणायचं वाक्य असं सुरू होतं, "इफ यू आर फिनिश्ड..." तो 'इफ'पाशी रेंगाळला. नेहमीपेक्षा फार रेंगाळला. मागे सगळा स्क्वाड श्वास रोखून उभा होता. मी मोठ्या रुबाबात मॅगझिन काढलं, चेंबर रिकामी दाखवली, पिस्तूल म्यानात घातलं.

"थर्टीन," मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

तेरा नंबरचं टार्गेट. डाव्या भिंतीमागचं. कुणालाच सापडणार नाही, असं मी बायकोला सांगितलं होतं ते. त्या दिवशी ते सगळ्यांना सापडलं, एकट्या मला सोडून. न चुकता मोजलेले दोन मिस, वजा 20, वर त्यावर गोळीच झाडली नाही म्हणून आणखी वजा 10. माझा हिट फॅक्टर दीडच्या आसपास आला. स्टेजवर मी शेवटून दुसरा. शेवटचा होता त्याचं पिस्तूल अडकलं होतं. जेवणाचा डबा घेऊन आलेल्या बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घरात किल्ल्यांचंही तू हेच करतोस."

शेजारच्या बे नंबर पाचमध्ये आजोबांची स्टेज होती. तिथे तार नव्हती, कप्पी नव्हती, पिंपही नव्हतं. मोकळ्या पट्ट्यात मोजके पुठ्ठे; काहींच्या अर्ध्या अंगावर पांढरा पुठ्ठा चिकटवलेला. जवळ धावत जाऊन मारलं तर सोपं, पण सेकंद जातात. लांबूनच मारलं तर सेकंद वाचतात, पण पांढऱ्याला लागायची भीती. बस्स, एवढंच. माझी स्टेज सोडवून हसत गेलेले लोक तिथे पाच मिनिटं संपली तरी वाद घालत होते. सहा फूट चार इंचवाल्याने लांबून मारायचं ठरवलं आणि दोन पांढरे फोडले. गणित घालणारा जवळ गेला आणि सेकंद घालवून बसला. त्या मुलीने काही लांबून, काही जवळून मारली आणि बऱ्याच मोठ्यांना मागे टाकलं.

आवराआवर करताना आजोबांनी मला कूपर यांच्या 'एल प्रेसिडेंटे'ची आठवण करून दिली. तीन टार्गेटं, 10 यार्डांवर. पाठ करून उभं राहायचं, वळायचं, प्रत्येकाला दोन, मॅगझिन बदलायचं, पुन्हा प्रत्येकाला दोन. गोळ्या बारा. त्या माणसाने तीन पुठ्ठ्यांत जे केलं, ते मला चौदा पुठ्ठे, चार लोखंडं आणि एका गॅरेजच्या दाराची कप्पी वापरून जमलं नाही. मी नेमबाजाला वाट दाखवत होतो आणि त्या वाटेवर खड्डे खणत होतो. चांगला स्टेजवाला दोन वाटा देतो, दोन्ही खऱ्या, दोन्ही थोड्या महाग, आणि बाजूला होतो. पुढे चूक करायची ती नेमबाज स्वतःच्या अकलेने करतो, आणि तीच त्याला घरी जाताना छळते.

तेव्हा ओहायोत किंवा आसपास राहणाऱ्या मराठी वाचकांना एक नम्र सूचना. कुणाला या खेळाचं कुतूहल असेल तर रविवारी बंदुका बघायला येऊ नका, तिथे गर्दी असते. शनिवारी सकाळी आठला या. खुंट्या ठोकायला माणसं कायम कमी पडतात. येताना स्टेपल गन आणा, जुने बूट घाला. आणि तुमची उंची सहा फुटांच्या वर असेल तर आवर्जून या. पिंपांपलीकडून काय दिसतं, ते मला आधी कळलेलं बरं.